बोट दाखवा, मोठ्याने बोला

मैत्रिणींनो, मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय. कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेंगा निवडत असेल, कुणी गोठ्यात असेल. काम थांबवू नका. हात कामात राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आधी एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात द्या, पण खरं द्या. घराला कुलूप लावून तुम्ही एसटीच्या थांब्यापर्यंत आलात आणि एकदम छातीत धस्स झालं, “गॅस बंद केला का मी?” असं कधी झालंय? माझं तर महिन्यातून दोनदा होतं. परत जावं तर एसटी चुकते, न जावं तर दिवसभर जीव टांगणीला. आणि गंमत अशी, की परत जाऊन बघावं तर गॅस बंदच असतो. आपणच बंद केलेला असतो. हाताने काम केलं, पण डोक्याला त्याची खबर नाही. कारण डोकं त्या वेळी पोराच्या फीमध्ये, सासूबाईंच्या औषधात, नाहीतर गटाच्या हप्त्यात अडकलेलं असतं.

आज मी अशा माणसांबद्दल सांगणार आहे, ज्यांच्या हाताने केलेलं डोक्याला कळलंच पाहिजे. नाहीतर हजार-बाराशे माणसांच्या जिवाशी खेळ. ही माणसं म्हणजे जपानमधल्या वेगवान रेल्वेचे चालक. तुम्ही म्हणाल, ताई आज एकदम जपानला पोचल्या! पोचले खरी, पण परत आपल्या गटाच्या सतरंजीवर येणार आहे. शेवटपर्यंत ऐका.

झालं असं, की दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. रेल्वेच्या इंजिनात एक माणूस बसलाय. इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात पांढरे हातमोजे. शेजारी चिटपाखरू नाही. आणि हा गडी समोर बोट दाखवतोय आणि मोठ्याने काहीतरी बोलतोय. मग घड्याळाकडे बोट, परत काहीतरी बोलतोय. मग कागदावर बोट. आम्ही सगळ्या हसलो. माझी आई म्हणाली, “बिचाऱ्याला कुणी बोलायला नसेल, म्हणून एकटाच बडबडतोय.” भाचा म्हणाला, “आजी, तो बडबडत नाही, तो गाडी सांभाळतोय.” तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागेच लागले. मिळेल ते वाचलं. त्यातलं तुमच्या-माझ्या कामाचं आज सांगते.

जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका अशी पहिली वेगवान रेल्वे सुरू झाली. तिला तिकडे ‘शिंकान्सेन’ म्हणतात, म्हणजे नवा मुख्य लोहमार्ग. आपण तिला बुलेट ट्रेन म्हणतो. आपल्याकडे तेव्हा कोळशाची इंजिनं धूर सोडत होती, आणि ही गाडी ताशी २१० किलोमीटरने धावत होती. आज त्याच मार्गावर ती ताशी २८५ किलोमीटरपर्यंत जाते. ५१५ किलोमीटरचं अंतर सर्वांत जलद गाडी जवळपास दोन तास वीस-बावीस मिनिटांत कापते. आपल्याकडे मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचं काम चालू आहे, ठाणे आणि पालघरच्या बहिणींना ते खांब रोज दिसतात. ती याच जपानी तंत्रावर उभी राहतेय, आणि अंतरही जवळजवळ तेवढंच.

त्या गाडीला १६ डबे, लांबी ४०० मीटर, बसायच्या जागा तेराशेच्या आसपास. म्हणजे एखादं लहान गाव उचलून रुळांवर ठेवल्यासारखं. आणि ते सगळं पुढच्या खोलीत बसलेल्या एका माणसाच्या हातात. ब्रेक दाबला की आपली सायकल चार हातांवर थांबते, तशी ही गाडी थांबत नाही. पूर्ण वेगात असेल तर थांबायला तिला काही किलोमीटर लागतात. म्हणजे डोळ्यांना संकट दिसलं आणि मग ब्रेक दाबला, तर उशीर झालेलाच असतो.

तरीही १९६४ पासून आजवर गाड्यांची टक्कर होऊन किंवा गाडी रुळावरून घसरून शिंकान्सेनचा एकही प्रवासी दगावलेला नाही. साठ वर्षं होऊन गेली. मार्च २०११ मध्ये तिकडे मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली. तेव्हा त्या भागात प्रवासी घेऊन धावणाऱ्या शिंकान्सेन गाड्याही सुखरूप थांबल्या. भूकंपाची पहिली चाहूल लागताच यंत्रांनी वीज तोडून ब्रेक लावले होते. पण अगदी काहीच अपघात झाला नाही असं मी म्हणणार नाही. १९९५ साली मिशिमा नावाच्या स्थानकात एका शाळकरी मुलाचा हात दारात अडकला, तो गाडीबरोबर ओढला गेला आणि मरण पावला. त्यानंतर दारांच्या रचनेत बदल केले. हे सांगते अशासाठी, की चुकतच नाहीत अशी माणसं जगात कुठेच नाहीत. चुकल्यावर काय करायचं, यात फरक असतो. आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

आता या चालकाचा दिवस कसा सुरू होतो ते बघू. ड्यूटीवर आला की तो थेट गाडीत जाऊन बसत नाही. आधी वरिष्ठांसमोर उभा राहतो. फुंकर मारून दारूची तपासणी होते. ज्याने कधी घोटही घेतला नाही त्याचीही होते. तब्येत कशी आहे ते विचारतात. आज मार्गावर कुठे काम चालू आहे, कुठे वेग कमी ठेवायचा, ते तो वाचून दाखवतो. मग घड्याळ जुळवतो. खिशातलं घड्याळ. गाडीत त्याच्यासमोर ते ठेवायला खास खाच केलेली असते. त्याचं वेळापत्रक मिनिटांचं नसतं, पंधरा-पंधरा सेकंदांचं असतं. आपल्या मासिक बैठकीची वेळ अकराची असते आणि आपण साडेबाराला जमतो, तेव्हा मला या माणसाची आठवण येते. असो, तो विषय आज नको!

या कामावर कुणीही सरळ रुजू होत नाही. आधी स्थानकावर काम, मग गाडीत कंडक्टरचं काम, मग कित्येक महिने वर्गात अभ्यास आणि अनुभवी चालकाच्या शेजारी बसून सराव. शेवटी सरकारी परवान्याची परीक्षा. त्या परीक्षेतली एक गोष्ट मला फार आवडली. काट्याकडे न बघता गाडीचा वेग किती आहे ते सांगायचं! नुसत्या अंगाला लागणाऱ्या हादऱ्यावरून, चाकांच्या आवाजावरून, बाहेरून मागे पळणाऱ्या खांबांवरून. समोरचं अंतर किती, तेही नजरेने सांगायचं. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? तव्यावर हात धरून आच कळते. पिठात पाणी घालताना आपण माप घेत नाही. म्हशीच्या कासेला हात लावला की कळतं, आज हिचं काहीतरी बिनसलंय. हे ज्ञान पुस्तकातलं नसतं, ते अंगात मुरलेलं असतं. जपानी लोक त्या मुरलेल्या ज्ञानाची परीक्षा घेतात, त्याला परवाना देतात. आपल्याकडे त्याला नुसतं ‘बायकांचं काम’ म्हणतात, एवढाच फरक.

आता येते त्या बोट दाखवण्यावर. ही सवय शंभराहून जास्त वर्षांची आहे. कोळशाच्या इंजिनांच्या काळात इंजिनात दोघं असायचे, एक चालवणारा आणि एक कोळसा घालणारा. एकाने सिग्नल बघून मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. दोघांनी बघितलं, दोघांनी म्हटलं, म्हणजे खात्री. पुढे त्याला बोटाची जोड मिळाली. आज चालक एकटा असला तरी सवय तीच. गाडीत वेगाची मर्यादा दाखवणारा आकडा समोर उमटतो, त्याच्याकडे बोट दाखवून तो आकडा मोठ्याने म्हणायचा. एखादं स्थानक मागे पडलं की वेळापत्रकावर बोट, घड्याळावर बोट, आणि म्हणायचं, वेळेवर आहे. दारं लागली का, दिवा बघा, बोट दाखवा, म्हणा, “योशी!” योशी म्हणजे ठीक, बरोबर.

याने होतं काय? बघा हं. नुसतं डोळ्याने बघितलं तर आपण ओळखीच्या गोष्टीवरून नजर फिरवून पुढे जातो. रोजचं दार, रोजचं बटण, रोजचा आकडा. डोळ्याला जे दिसायची सवय असते, तेच डोळा बघतो. पण बोट उचलायचं म्हटलं की क्षणभर थांबावं लागतं, आणि नजर बोटाच्या टोकाशी जाते. तोंडाने म्हणायचं म्हटलं की नीट वाचावं लागतं. आणि आपलाच आवाज कानावर पडला की डोकं जागं होतं. डोळा, हात, तोंड आणि कान, चौघांनी मिळून एक काम करायचं. चौघांपैकी एक चुकला तर बाकीचे तिघे त्याला धरतात.

हे खरंच उपयोगी आहे का, याची त्यांनी तपासणीही केली. १९९४ साली जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेने माणसांना साधं बटण दाबायचं काम देऊन बघितलं. काहीच न म्हणता काम केलं तेव्हा दर शंभर वेळांत २.३८ चुका. बोट दाखवून आणि मोठ्याने म्हणून केलं तेव्हा ०.३८. आपल्या हिशेबात सांगायचं, तर हजार वेळा काम केलं तर आधी साधारण चोवीस चुका, नंतर चार. माणसं तीच, काम तेच, बटण तेच. खर्च शून्य. या सवयीला ना अनुदान लागतं, ना कुणाची सही.

आपल्याकडेही हे आहे बरं का. आपल्या रेल्वेच्या इंजिनातही चालक आणि साहाय्यक चालक सिग्नल बघून एकमेकांना मोठ्याने रंग सांगतात. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे चालक. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली. जपानमध्ये १९९९ पर्यंत बायकांच्या रात्रपाळीवर कायद्याचं बंधन होतं. ते उठलं आणि तिकडच्या बायकाही शिंकान्सेन चालवू लागल्या. आपली बाई त्यांच्याही आधी इंजिनात चढली होती.

आता दुसरी बाजू. एवढं सगळं शिकून-सवरूनही माणूस चुकतो. २६ फेब्रुवारी २००३ ची गोष्ट. सुमारे ८०० प्रवासी घेऊन शिंकान्सेन ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने चालली होती आणि चालक झोपला. थोडीथोडकी नाही, आठेक मिनिटं! ओकायामा स्थानक आलं. गाडी तिच्या नेमक्या जागेच्या अलीकडे आपोआप थांबली. कंडक्टर धावत पुढे गेला, बघतो तर चालक खुर्चीत झोपलेला. कुणाला खरचटलंही नाही. का? कारण ही गाडी बांधतानाच धरून चाललेत, की माणूस कधी ना कधी चुकणारच. चालकाने वेग कमी केला नाही, तर यंत्र करतं.

पण मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे काय झालं असतं? “झोपला! कामचुकार! रात्री कुठे होता?” तिकडेही सुरुवातीला लोक चिडलेच. पण डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं, की त्याला झोपेत श्वास अडकण्याचा आजार होता. रात्रभर अंथरुणात पडूनही अशा माणसाची झोप होत नाही. त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मग तिकडे इतर चालकांच्याही झोपेच्या तपासण्या सुरू झाल्या. एकाच्या चुकीतून अनेकांचं दुखणं सापडलं. जाता जाता सांगते, तुमच्या घरात कुणी खूप घोरत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल आणि दिवसा बसल्या बसल्या पेंगत असेल, विशेषतः तो माणूस गाडी किंवा ट्रॅक्टर चालवत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट मे २०२१ ची. ही ऐकून हसू नका. धावत्या शिंकान्सेनच्या चालकाच्या पोटात कळ आली. नियम असा, की नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि गरज पडली तर गाडी थांबवायची. याने कळवलंच नाही. परवाना नसलेल्या कंडक्टरला खोलीत उभं करून हा शौचालयात गेला. तीनेक मिनिटं गाडी ताशी दीडशे किलोमीटरने चालकाशिवाय धावत होती, आत १६० प्रवासी. नंतर गाडीला एक मिनिट उशीर का झाला याची चौकशी झाली, तेव्हा हे उघड झालं. कंपनीने जाहीर माफी मागितली. त्या माणसाला गाडीला उशीर होऊ द्यायचा नव्हता.

मैत्रिणींनो, त्या माणसाची चूक मी झाकत नाही. पण मला त्याची अडचण कळली. आपण बायका दिवस-दिवस लघवी दाबून धरतो. मोर्चाला गेलो, प्रशिक्षणाला गेलो, बँकेत रांगेत उभ्या राहिलो, विचारायची लाज. पाणी पीत नाही, कारण मग जावं लागेल. पोटात दुखतं, अंगावर जास्त जातंय, चक्कर येतेय, तरी म्हणतो, “काही नाही, चाललंय.” काम थांबायला नको म्हणून स्वतःला विसरायचं, याला आपण गुण समजतो. शिंकान्सेनचा नियम सांगतो, की अंगात त्राण नसेल तर ते सांगणं हा कामाचाच भाग आहे. न सांगणं हीच चूक.

आता तिसरी गोष्ट. ही शिंकान्सेनची नाही, जपानच्याच एका साध्या लोकलची आहे. पण ही सांगितल्याशिवाय माझं बोलणं खोटं पडेल. २५ एप्रिल २००५. अमागासाकी नावाच्या गावाजवळ सकाळच्या वेळी एक लोकल वळणावर रूळ सोडून एका इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसं गेली. चालक २३ वर्षांचा होता, गाडी चालवायला लागून वर्षही झालं नव्हतं. ज्या वळणावर वेग ७० हवा, तिथे गाडी ११६ ने गेली.

का? आधीच्या स्थानकात त्याची गाडी नेमक्या जागेच्या सत्तरेक मीटर पुढे गेली होती. ती मागे घ्यावी लागली. सव्वा-दीड मिनिट उशीर झाला. एवढीच चूक. पण त्या कंपनीत तेव्हा चुकणाऱ्या चालकाला ‘शिकवण्याची’ एक पद्धत होती. त्याला गाडीवरून उतरवायचं, दिवसभर सगळ्यांसमोर बसवून चुकीबद्दल पानंच्या पानं लिहून घ्यायची, बोलणी द्यायची, कधी गवत काढायला लावायचं. या पोराने ते एकदा भोगलं होतं. म्हणून त्याने कंडक्टरला विनवलं, की गाडी किती पुढे गेली ते जरा कमी करून सांग. कंडक्टर रेडिओवरून नियंत्रण कक्षाशी बोलत होता आणि या पोराचं सगळं लक्ष त्या बोलण्यात. माझ्याबद्दल काय सांगतोय? किती मीटर सांगतोय? आणि तेवढ्यात वळण आलं. ब्रेक लावायला उशीर झाला. तिथे वेग आपोआप कमी करणारी यंत्रणाही अजून बसवलेली नव्हती. चौकशी करणाऱ्यांनी नंतर अहवालात स्पष्ट लिहिलं, की त्या शिक्षेच्या धास्तीने त्याचं लक्ष गाडीवरून उडालं असावं.

म्हणजे बघा, देश तोच, वक्तशीरपणा तोच. एकीकडे चूक शोधून यंत्रणा दुरुस्त केली, तिथे साठ वर्षं माणसं सुखरूप. दुसरीकडे चूक करणाऱ्याला लाजवलं, तिथे १०७ जीव गेले.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. का, ते आता सांगते. हे मी रेडिओवर पहिल्यांदाच बोलतेय.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका गटाच्या बैठकीत वसुली झाली. पैसे बँकेत भरायचं काम आमच्या सचिवांकडे असायचं. मी त्यांना मावशी म्हणते, आजही तेवढंच म्हणते, नाव सांगत नाही. पुढच्या महिन्यात पासबुक भरून आणलं. आमच्या वहीत ८,४०० रुपये, पासबुकात ४,८००. तब्बल ३,६०० रुपयांचा फरक. सगळ्या बायका मावशींकडे बघायला लागल्या. मावशी म्हणाल्या, “मला दिले तेवढे मी भरले.” आणि मी, गटांना हिशेब शिकवणारी, बी.ए. झालेली, सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, “मावशी, वही खोटं बोलत नाही.”

मावशी पुढे काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांत त्यांनी घरची करडं विकली आणि ३,६०० रुपये माझ्या हातात आणून दिले. म्हणाल्या, “घे, गटाचे पैसे बुडायला नकोत.” त्यानंतर त्या बैठकीला यायच्या बंद झाल्या.

चार महिन्यांनी वर्षाच्या हिशेबाला बसले. प्रत्येकीचं पासबुक घेतलं आणि एकेक रक्कम मांडली. बेरीज आली ४,८००. परत केली, तरी ४,८००. एकूण रकमेचा आकडा वहीत लिहिताना मीच उलटा लिहिला होता. आठ-चार आणि चार-आठ. त्या दिवशी माझ्या पोराला ताप होता, मला घरी जायची घाई होती. पासबुकं त्या बैठकीतही सगळ्यांच्या पिशव्यांतच होती. दहा मिनिटांत बेरीज झाली असती. पण तपासायचं सोडून मी ठपका ठेवला. तो सोपा होता.

मी मावशींच्या घरी गेले. पैसे परत दिले, पाया पडले. मग पुढच्या बैठकीत, ज्या सतरंजीवर त्यांना बोलले होते, त्याच सतरंजीवर सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक माझी होती. मावशी त्या दिवशी आल्या नव्हत्या. त्या परत आल्या ते वर्षभराने. सचिवपद त्यांनी अजून घेतलेलं नाही. ३,६०० रुपये परत देता आले, बाकीचं परत देता येत नाही.

त्या व्हिडिओनंतर आमच्या गटात आम्ही काही गोष्टी सुरू केल्या. तुम्हीही पुढच्या बैठकीपासून करून बघा.

पहिली गोष्ट, बोट आणि आवाज. वसुली झाली की दोघींनी नोटा मोजायच्या. वहीत रक्कम लिहिली की लिहिणारीने आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचं, “चार हजार आठशे.” शेजारच्या बाईने नोटांकडे बघून तेच म्हणायचं. मग सगळ्यांनी म्हणायचं, “बरोबर!” बँकेच्या पावतीवरही तसंच बोट. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनीही म्हणायचं, कारण कान सगळ्यांनाच आहेत. पहिल्या दिवशी आम्ही इतक्या हसलो, की बाहेरून माणसं डोकावली. आता कुणी हसत नाही.

हेच घरी करा. निघताना गॅसकडे बोट दाखवून म्हणा, “गॅस बंद.” मग थांब्यावर धस्स होत नाही, कारण आपलाच आवाज आपल्याला आठवतो. कडबाकुट्टीत अडकलेला कडबा काढण्याआधी हात लांब ठेवा, खटक्याकडे बोट दाखवा, म्हणा, “खटका बंद, चाक थांबलं.” मगच हात पुढे करा. पिठाच्या गिरणीवर काम करणाऱ्या बहिणींनी पट्ट्याजवळ जाण्याआधी म्हणा, “पदर खोचलाय.” घरात औषधं देताना बाटलीवरच्या नावावर बोट ठेवून नाव वाचा, फवारणीचं औषध आणि पोटात घ्यायचं औषध एका फळीवर ठेवू नका. लोक म्हणतील, ही एकटीच बडबडते. म्हणू द्या. हात शाबूत राहिला तर त्यांना त्याच हाताने चहा करून द्या.

दुसरी गोष्ट, बसण्याआधी विचारणं. बैठक सुरू करण्यापूर्वी आम्ही आता विचारतो, आज कुणाची तब्येत बरी नाही? कुणाचं लक्ष घरी आहे? ज्या बाईचं पोर तापलंय, तिने त्या दिवशी हिशेब लिहायचा नाही. यात तिचा कमीपणा नाही. त्या दिवशी मला हे कुणी विचारलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. चूक झाली असं कुणी आपणहून सांगितलं, तर तिला आधी पाणी द्यायचं. मग विचारायचं, “कशी झाली?” ‘कुणी केली’ हा प्रश्न मागाहून. फरक दिसला की आधी पासबुकं काढायची, तोंड उघडायचं नंतर. एखादीने मुद्दाम पैसे खाल्ले असतील तर नियम आहेत, ठराव आहे, ती कारवाई करायचीच. पण ती तपासल्यावर. भीतीने चुका कमी होत नाहीत, त्या लपतात, आणि लपलेली चूक वळणावर दगा देते.

आता मागच्या महिन्याचं सांगते आणि संपवते. बैठकीत वसुली झाली. आमच्या नव्या सचिवांनी रक्कम लिहिली, बोट ठेवलं, मोठ्याने वाचली. आम्ही सगळ्या “बरोबर” म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला, “थांबा.” मावशी होत्या. म्हणाल्या, “शून्य एक जास्त वाटतंय, परत वाच.” परत वाचलं. खरंच एक शून्य जास्त होतं. सचिवांनी ते खोडलं, बाजूला सही केली. कुणी कुणाला काही बोललं नाही. कुणीतरी चहा टाकला.

मैत्रिणींनो, आज रात्री झोपण्याआधी शेगडीसमोर उभ्या राहा, बटणाकडे बोट दाखवा आणि मोठ्याने म्हणा, “गॅस बंद.” घरातल्यांनी विचारलं काय करतेस, तर सांगा, गाडी सांभाळतेय. तुमच्या गटात हे करून बघितल्यावर काय झालं, ते रेडिओ केंद्रावर येऊन मला नक्की सांगा.

येते मी. नमस्कार.